उतारा इथे का थांबतो?

आमच्या कॉलेजात इंग्रजी विभागाला जागा दिली होती ती केमिस्ट्रीच्या जुन्या प्रयोगशाळेत. लांबलचक काळी टेबलं, प्रत्येक टेबलाच्या टोकाला एक बेसिन आणि मान वाकवलेला एक नळ. नळांना पाणी कधीच नसायचं. भिंतीवर 'ॲसिड हाताळताना काळजी घ्या' अशी पाटी तशीच राहिली होती. इंग्रजी साहित्य घेतलेले आम्ही शेवटच्या वर्षाला सहा जण होतो, त्यातला एक गाइडवाला. त्याला आम्ही गाइडवाला म्हणायचो, कारण त्याने मूळ पुस्तक कधी उघडलंच नाही. तो म्हणायचा, ती पाटी मॅडमसाठीच ठेवली आहे.

मॅडमचं नाव कात्री मॅडम. अर्थात त्यांच्यामागे. दर बुधवारी दुपारी अडीच ते चार त्या आम्हाला अनोळखी उतारा द्यायच्या. कुठल्यातरी पुस्तकातला परिच्छेद झेरॉक्स करायच्या आणि लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, साल, सगळं कात्रीने कापून काढायच्या. उरलेल्या मजकुराच्या प्रती काढून आमच्यापुढे ठेवायच्या. कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, काही ठाऊक नाही. समोर जेवढं आहे तेवढ्यावर दीड तास लिहायचं. कापलेल्या नावांच्या पट्ट्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जायच्या. टर्मच्या शेवटच्या दिवशी डबा उघडायचा आणि कुठला उतारा कोणाचा ते कळायचं. बावीस वर्षांत त्यांनी डबा आधी उघडला नव्हता, असं शिपाईसुद्धा अभिमानाने सांगायचा.

"मजकुरात कुठे आहे?" हे त्यांचं एकच वाक्य. आपल्या मनातलं, आपल्या घरातलं काही उत्तरात आलं की समासात लाल शाईने तेच. सगळ्यांना अहो-जाहो करायच्या, त्यामुळे जास्तच भीती वाटायची.

मला माझ्या दादाने शिकवलं. आई-बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तो एकोणीसचा. त्याने कॉलेज सोडलं आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागला. लग्न राहिलं ते राहिलंच. मी इंग्रजी साहित्य घेतलं तेव्हा आत्या घरी आली आणि म्हणाली, "इंग्रजी येतं ना हिला? मग तीन वर्षं परत तेच काय शिकणार?"

दादा म्हणाला, "मराठी येतं म्हणून तू बोलायची थांबलीस का?"

आमचं घर एका शिंप्याच्या दुकानाच्या वर. अकरा पायऱ्या, त्यातली सातवी फुटलेली. कपाट वर चढवताना ते त्या पायरीवर आपटलं होतं. दादा घरी आला की दार वाजवायचा नाही. खिशातली चष्म्याची डबी उघडून मिटायचा, दोनदा. टक्, टक्. मी आतून कडी काढायची. हे आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. आणि मला तो ठमी म्हणायचा. तेही फक्त तोच.

होस्टेलवरून मी सुटीत घरी गेले की त्याला गोष्टी सांगायची. वर्गात वाचलेल्या, मराठीत करून. तो हातातला चष्म्याचा स्क्रू न सोडता ऐकायचा आणि मी थांबले की विचारायचा, "मग पुढे काय झालं?" शेवटच्या वर्षाला गेल्यावर मी एकदा त्याला सुनावलं, की पुढे काय झालं हा प्रश्नच बाळबोध आहे. तो म्हणाला, "बरं बाई. पण झालं काय?"

पहिला विचित्र उतारा टर्मच्या तिसऱ्या बुधवारी आला.

इंग्रजी साधं होतं, मी इथे मराठीत सांगते. एक माणूस खिडकीपाशी उभा आहे. हातात चष्मा आहे, तो स्वतःचा नाही. तो चष्म्यातून बाहेर बघतो, मग तो खाली ठेवून दुसरा उचलतो. टेबल डुगडुगतं. टेबलाचा एक पाय आखूड आहे.

आमच्या घरच्या टेबलाचा पाय आखूड होता. पण आखूड पायाची टेबलं जगात काय कमी आहेत? मला गंमत वाटली. मी उत्तरात लिहून टाकलं, की हा माणूस चष्म्याच्या दुकानात कामाला आहे आणि दुरुस्तीचं काम घरी आणतो. वीसपैकी नऊ मार्क, समासात लाल शाई: मजकुरात कुठे आहे? गाइडवाल्याने चष्मा हे आंधळेपणाचं प्रतीक आहे असं लिहिलं होतं. त्याला अकरा.

पुढच्या बुधवारी तोच माणूस. या वेळी तो शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढतो. डॉक्टरचा कागद. त्यात काय आहे ते एकदा वाचतो, परत तशीच घडी घालतो आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवतो. निदान काही उपयोग तरी होऊ दे, असं मनाशी म्हणतो. टेबल डुगडुगायचं थांबतं.

मी त्या दिवशी काय लिहिलं ते आठवत नाही. आठ मार्क पडले. तास संपल्यावर खाली ऑफिसात गेले, क्लार्कची मिनतवारी करून शिंप्याच्या दुकानात फोन लावला. शिंप्याने दादाला बोलावून आणलं.

"तू डॉक्टरकडे गेला होतास?" मी विचारलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे गेला होतास."

"ॲसिडिटी गं. छातीत जरा जळजळतं. चहा कमी करा म्हणाला."

"कागद कुठाय?"

मागे शिलाई मशीन चालू होतं. मी त्याला उताऱ्याबद्दल सांगितलं तेव्हा तो हसायला लागला. "तुमच्या पुस्तकात लिहिलंय म्हणून मी आजारी? मॅडमना सांग, नंबर तपासून घ्या. आपल्याकडे स्वस्तात करून देऊ."

"दादा, टेबलाखाली काय आहे?"

"टेबलाखाली धूळ आहे. अभ्यास कर आणि फोनवर वेळ घालवू नकोस." फोन ठेवण्याआधी तो एकदा खोकला. मला काळजी वाटली, खरीखुरी. पण घर सहा तासांच्या अंतरावर होतं आणि तो ठीक आहे असं तो स्वतः म्हणत होता.

तिसऱ्या उताऱ्यात तो माणूस जिना चढत होता. अकरा पायऱ्या, आकडा दिला होता. सातवी पायरी फुटकी आहे, असं लिहिलं होतं. तिथे तो थांबतो, भिंतीला हात लावतो, धाप ओसरेपर्यंत उभा राहतो. मग वर जातो. दारापाशी खिशातून एक डबी काढतो आणि उघडून मिटतो, दोनदा. आत कोणी नाही हे त्याला माहीत आहे. तरी थोडा वेळ वाट बघतो आणि मग स्वतःच्या किल्लीने दार उघडतो.

माझ्याशेजारी माझी रूम पार्टनर बसायची. तिने तिथे समासात 'एकटेपणा' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. गाइडवाला फुटक्या पायरीबद्दल कुजबुजत विचारत होता, "सात आकड्याचं काय असतं गं? सात पापं?" सगळे तोच कागद वाचत होते. मी वेडी झाले असते तर कागद फक्त मला दिसला असता. इथे सहा जणांपुढे आमचा जिना होता आणि पाच जण त्यात प्रतीकं शोधत होते.

तास संपल्यावर मी मॅडमपुढे जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. पायरी, डबी, डॉक्टरचा कागद. त्यांनी मध्ये तोडलं नाही. कात्री पाऊचमध्ये घातली, पाऊचची चेन लावली.

"तुम्हाला काय वाटतं, मी हे घरी बसून लिहिते?"

"नाही मॅडम. पण हे कुठल्या पुस्तकातलं आहे तेवढं सांगा."

"पट्टी डब्यात आहे. टर्म संपली की कळेल."

"माझ्या भावाचा प्रश्न आहे, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या क्रूर नव्हत्या, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. त्यांना माझी दया आली असावी. "चांगलं लिखाण वाचलं की प्रत्येकाला ते आपल्याच घरातलं वाटतं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे दरवर्षी एक तरी मुलगी रडत येते. तुम्ही हुशार आहात. पण तुम्ही वाचत नाही, तुम्ही ओळखता. ते सोडा. घराची आठवण येत असेल तर शनिवारी जाऊन या."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मी शनिवारी जायचं ठरवलं, पण शनिवारी ट्युटोरियल निघालं, मग पुढच्या शनिवारचं ठरवलं. तिसऱ्या उताऱ्यावर मी घराचं एक अक्षर न आणता लिहिलं होतं. बारा मार्क पडले.

चौथ्या उताऱ्याचा बुधवार. बाहेर लख्ख ऊन, खिडकीतून ते नळांच्या वाकलेल्या मानांवर पडलेलं. मॅडमनी कागद वाटले. मी घड्याळात बघितलं, दोन पस्तीस.

माणूस सातव्या पायरीवर बसला आहे. हातातली पिशवी एक पायरी खाली घरंगळली आहे. त्याला ती उचलायची आहे, पण तो उचलत नाही. डावा हात मांडीवर ठेवलाय आणि तो हात दुसऱ्याचा असावा तसा तो त्याच्याकडे बघतो. खाली कुठेतरी मशीनचा आवाज सतत चालू आहे. हाक मारली तर त्या आवाजात ऐकू जाणार नाही, हे त्याला कळतं. मग मशीन क्षणभर थांबतं. तो तोंड उघडतो आणि

तिथे उतारा संपत होता. पूर्णविरामसुद्धा नव्हता. खाली मॅडमनी प्रश्न टाइप केला होता: उतारा इथे का थांबतो?

मी उठले. स्टूल मागे सरकल्याचा आवाज झाला. ऑफिस एक मजला खाली होतं, फोन टेबलावरच असायचा, शिंप्याचा नंबर मला पाठ होता. दोन मिनिटांचं काम.

मॅडमनी वर बघितलं.

आता जे सांगते ते मी आत्याला सांगितलेलं नाही, कोणालाच नाही. मी परत बसले, पण ते मॅडमच्या भीतीने नाही. मला उत्तर सुचलं होतं. तीन आठवडे जे जमत नव्हतं ते उभ्या उभ्या, अख्खं, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत डोक्यात आलं होतं. खाली जाऊन आले असते तर ते गेलं असतं. मी स्वतःला म्हटलं, चारला फोन करू. नुसता उतारा आहे. कागद आहे.

मी बसले आणि लिहिलं. लिहिलं की त्या माणसाला वाचवणं वाचकाचं काम नाही. पुढे काय होतं ते विचारणं म्हणजे त्याला पायरीवरून उठवणं, आणि या मजकुराचं सौंदर्य त्याच्या बसून राहण्यात आहे. तो उघडलेल्या तोंडाने कायमचा थांबलेला आहे, म्हणून तो कधीच मरत नाही. हात दुखेपर्यंत लिहिलं. मी खूश होते. लाज वाटते सांगायला, पण त्या सव्वा तासात मी जितकी खूश होते तितकी आधी कधी नव्हते.

चारला खाली जाऊन फोन लावला. शिंप्याच्या बायकोने उचलला.

"अगं, तुलाच लावत होतो आम्ही," ती म्हणाली आणि रडायला लागली.

शिंप्याला तो सव्वातीनला दिसला. सातव्या पायरीवर, भिंतीला टेकून. पिशवी सहाव्या पायरीवर. पावणेतीनच्या सुमाराला आपण दोरा बदलायला मशीन थांबवलं होतं, तेव्हा काही ऐकू आल्यासारखं वाटलं होतं, असं शिंपी नंतर मला पुन्हा पुन्हा सांगत राहिला. फोन वाजला असता तर तो उठलाच असता, दादाला बोलवायला जिन्यापाशी गेलाच असता. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर बघता आलं असतं.

घरी मी टेबलाखाली हात घातला. आखूड पायाखाली घडी घातलेला कागद होता. त्यावर लगेच दाखल व्हा असं लिहिलं होतं, तारीख महिनाभरापूर्वीची. तो काढला तसं टेबल डुगडुगायला लागलं.

परत आले तेव्हा माझा पेपर तपासून आला होता. वीसपैकी सतरा. वर्गात तोवर कोणाला सतरा पडले नव्हते. खाली मॅडमचा शेरा होता: अखेर मजकुरात राहिलात.

टर्मच्या शेवटच्या दिवशी डबा उघडला. मॅडम एकेक पट्टी काढून वाचत होत्या, पहिला उतारा, दुसरा उतारा. आमच्या त्या चार उताऱ्यांपाशी आल्या आणि थांबल्या. चार पट्ट्या त्यांनी टेबलावर ओळीने ठेवल्या, उलटून बघितल्या, उजेडात धरल्या. त्या दोन्ही बाजूंनी कोऱ्या होत्या.

"नाव होतं," त्या म्हणाल्या. "मी वाचून कापलंय."

"कोणाचं होतं, मॅडम?" रूम पार्टनरने विचारलं.

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न मी बघत होते, त्यांचे ओठसुद्धा हलले. मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या रजेवर गेल्या. परीक्षेपर्यंत आल्या नाहीत.

वार्षिक परीक्षा दुसऱ्या कॉलेजात होती. पेपर बाहेरून येतात, सीलबंद. आमचा हॉल पहिल्या मजल्यावर, माझा नंबर दाराजवळ. सकाळचे अकरा. सुपरवायझर बाईंनी पाकीट सगळ्यांसमोर फोडलं.

पहिला प्रश्न अनोळखी उताऱ्याचा. उतारा वाक्याच्या मध्यातून सुरू होत होता.

'हाक मारतो, फार मोठ्याने नाही: ठमी.'

शब्द इंग्रजी अक्षरांत होता. त्यावर बारीक आकडा, आणि खाली टीप: अर्थ अज्ञात.

मी पुढे वाचलं.

'उत्तर येत नाही. पण ती कुठे आहे ते त्याला कळतं, कारण तिच्या पेनाचा आवाज त्याला ऐकू येतो. ती लिहिते आहे. लिहीत असताना तिला मध्येच उठवलेलं त्याला आवडत नाही. तिचं होऊ दे, असं तो म्हणतो. तो जिन्यात भिंतीला टेकतो आणि तिचं लिहून होण्याची वाट बघत बसतो.'

इथे पूर्णविराम होता.

प्रश्न: अर्थ माहीत नसलेल्या शब्दाचा वाचकावर होणारा परिणाम स्पष्ट करा. वीस मार्क.

गाइडवाला दोन बाकं पुढे बसला होता, त्याने लिहायला सुरुवात केली होती. सगळ्यांनीच केली होती. हॉलभर पेनांचा आवाज होता.

मी पेन उघडलं.

काय करणार होते? फोन कोणाला लावणार होते?

मी लिहिलं. पहिला प्रश्न, मग बाकीचे. बाकीचे संपल्यावर पुन्हा पहिल्याकडे आले आणि पुरवणी मागितली. मग आणखी एक. जे एका पानात झालं असतं ते मी लांबवत राहिले, कारण मी लिहीत होते तोवर तो बसून होता.

शेवटची घंटा झाली. लोक पेपर देऊन निघाले. मी लिहीत होते.

सुपरवायझर बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "झालं का?"

"एक ओळ."

"झालं ना आता," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हाताखालून पेपर ओढून घेतला.

मी पेन खाली ठेवलं.

बाहेर जिन्यावर कोणीतरी उठलं.

पावलं सावकाश होती. एक, दोन, तीन, चार. सातनंतर अकरापर्यंत चारच उरतात.

मग दारापाशी, बाहेरच्या बाजूने: टक्, टक्.

बाई पुरवण्यांना दोरा बांधत होत्या. त्यांनी दाराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "तुझ्यासाठी आहे का कोणी?"

मी प्रश्नपत्रिका उचलली आणि उतारा पुन्हा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. त्यात जिना होता, भिंत होती, मी होते.

"नाही," मी म्हणाले. उताऱ्यात दार नव्हतं.